पनवेलचं चाक आणि आमच्या ओट्याखालचं दार

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचा आहे, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलताना मारलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एका वाक्यापासून सुरू होते. ते वाक्य मला सहा-सात महिन्यांत तीनदा ईमेलवर आलं: 'ही लाकडाची नैसर्गिक हालचाल असून ती वॉरंटीत समाविष्ट नाही.' तीन वेगळ्या तक्रारी आणि उत्तर एकच, स्वल्पविरामासकट तेच. पहिल्यांदा मी चिडले, दुसऱ्यांदा गप्प बसले. तिसऱ्यांदा वाटलं, ही लाकडाची हालचाल नक्की असते तरी काय, आणि ती कुणाच्या नावावर लिहायची, हे एकदा बघूच या. त्या शोधात मी आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, पनवेलला, दीडएकशे वर्षं मागे जाऊन पोचले. कसं ते सांगते.

आधी घरचं. आम्ही कळंबोलीत राहतो, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर. कळंबोली म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, एक्स्प्रेसवे जिथून सुरू होतो ते ठिकाण, आणि दुसरी, लोखंड-पोलादाचा बाजार. माझ्या बाबांची सगळी नोकरी त्या बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेली. त्यामुळे आमच्या घरात लोखंडाची भाषा सगळ्यांना येते, लाकडाची कुणालाच नाही. पण ही जमीन मुळात खाडीकाठची, भातशेतीची. १९७० साली सिडको आली आणि नंतर इथे सेक्टर पडले. जमिनीवर भराव पडला तरी हवा बदलत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत आमच्याकडे मीठ बरणीतून पडत नाही, खणून काढावं लागतं.

आणि २६ जुलै २००५. तेव्हा मी सात वर्षांची होते. कळंबोलीत घराघरांत पाणी शिरलं, आमच्याकडे माझ्या कमरेच्या वर होतं. पाणी उतरल्यावर आईने सिंकखालचं प्लायवूडचं कपाट उघडलं, तर ते पापडाच्या लाटीसारखे थर सोडून उभं. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात लाकडाला बंदी. कडप्प्याचे कप्पे, ॲल्युमिनियमची सरकती दारं आणि भिंतीला स्टीलची मांडणी. सतरा वर्षं तेच.

पण आईच्या डोक्यात एक फडताळ होतं. नव्या मुलांसाठी सांगते, फडताळ म्हणजे जुन्या घरांच्या जाड भिंतीत केलेलं कपाट, लाकडी चौकट आणि लाकडी दारांचं. तिच्या माहेरी होतं. लोणच्याच्या बरण्या, दुधावरची साय, आजीचे पैसे, सगळं त्यात. बाबा रिटायर झाल्यावर आई म्हणाली, मला एकदा तरी सागाची दारं हवीत. भिशीचे पैसे आणि एक मोडलेली एफडी असे पावणेदोन लाख तिने जमवले. आम्ही एका कंपनीकडून मॉड्युलर किचन करून घेतलं. कंपनीचं नाव सांगणार नाही, विचारू नका. डिसेंबरात फिटिंग झालं. दारं अस्सल सागाची, चौकट आणि मध्ये सागाचाच पॅनेल. आतली खोकी प्लायवूडची, 'उकळत्या पाण्याला टिकणारी' असं माहितीपत्रकात. आणि कार्डावर मोठ्या आकड्यात: दहा वर्षं वॉरंटी.

जुलैत दोन दारं अडकली. आई सुरीचं टोक घालून उघडायची. पहिला ईमेल. फेब्रुवारीत एका दाराच्या पॅनेलला वरून खालपर्यंत उभी चीर गेली. दुसरा ईमेल. त्याच आठवड्यात बाबांच्या लक्षात आलं की सिंकखालच्या खोक्याचा तळ फुगून त्याच्या कडा मशरूमसारख्या उमललेत. तिसरा ईमेल. तिन्हींचं उत्तर तुम्हाला सांगितलंच.

आता लाकडाकडे येऊ. हे थोडं शाळेसारखं होईल, पण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा एक ईमेल वाचला असता.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. झाड जिवंत असताना त्या पाण्याने भरलेल्या असतात. झाड तोडलं, फळ्या पाडल्या, लाकूड वाळवलं, तरी ते हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. हवा दमट झाली की ओलावा पितं, कोरडी झाली की सोडतं. ते मेलेलं असलं तरी स्वस्थ नसतं. फक्त ही फुगण्या-आटण्याची क्रिया सगळ्या दिशांना सारखी होत नाही. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, जवळजवळ काहीच बदल नाही. रुंदीत मात्र होतो. फळी झाडाच्या गोल वलयांना धरून कापलेली असेल, तर तिची रुंदी साधारण दुप्पट बदलते, मध्यापासून सालीकडे कापलेल्या फळीच्या तुलनेत. सागाचे आकडे लाकूडशास्त्राच्या पुस्तकांत ठरलेले आहेत. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत एका दिशेने सुमारे २.५ टक्के आणि दुसऱ्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं. अमेरिकेतला लाल ओक याच हिशेबात ४ आणि ८.६. म्हणजे साग हा या बाबतीत फार शांत स्वभावाचा. उगाच नाही इंग्रजांनी मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागाच्या लढाऊ बोटी बांधून घेतल्या. १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेली त्रिंकोमाली नावाची बोट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय.

पण शांत म्हणजे निश्चल नाही. आमच्या दाराचा पॅनेल ४५० मिलिमीटर रुंद. हिवाळ्यातल्या हवेत लाकडात वजनाच्या मानाने समजा १० टक्के ओलावा असतो आणि भर पावसाळ्यात तो १७ पर्यंत जातो. गुणाकार केला की उत्तर येतं सहा मिलिमीटरच्या जवळपास. सहा मिलिमीटर! पेन्सिलची जाडी. आईचं दार अडकलं त्यात नवल नव्हतं, अडकलं नसतं तर नवल.

म्हणजे पहिल्या तक्रारीत कंपनी बरोबर होती. हे मला मान्य करायला वेळ लागला, पण आईला लागला नाही. ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "दार फुगलंय गं, दसऱ्यानंतर बसेल." नोव्हेंबरात बसलं.

आता पनवेल. मी लाकूड आणि पनवेल असं काहीबाही शोधत होते, कारण मला एवढंच बघायचं होतं की आपल्या भागात पूर्वी सुतार कसलं काम करायचे. तेव्हा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमधली पनवेलची नोंद सापडली. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यातलं बंदर. मुंबईहून बोटीने पनवेलला उतरायचं आणि पुढे बोरघाट चढून पुण्याला, हा जुना रस्ता. १८३० साली घाटातून गाडीरस्ता सुरू झाला आणि बैलगाड्यांची रीघ लागली. तर त्या नोंदीत म्हटलंय की पनवेल गावाचा मुख्य उद्योग म्हणजे गाडीची चाकं तयार करणं, आणि घाटावरून आलेला ज्या कुणा शेतकऱ्याला परवडतं तो जाताना चाकांची एक जोडी घेऊन जातो.

मी हे वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. आजही देशावरची माणसं कळंबोलीला ट्रक घेऊन येतात आणि लोखंड भरून घाट चढतात. तेव्हा धान्य उतरवून चाकं घेऊन चढत होती. रस्ता साधारण तोच.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं. चाक हे लाकडाच्या हालचालीचं सगळ्यात अवघड गणित आहे. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले बाहेरच्या वर्तुळाचे लाकडी तुकडे, आणि त्या सगळ्यावर लोखंडी धाव. धाव बसवताना ती आगीत लाल करतात. लोखंड तापून पसरतं, मग ती चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते, सगळे सांधे करकचून आवळले जातात. एक खिळा न मारता. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, शेवटी लोखंडच कामाला आलं." बरं.

आता असं चाक पनवेलच्या दमट हवेत बनलंय. शेतकरी ते घेऊन घाट चढतो. वर सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचा भाग. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. लाकूड आपला ओलावा सोडतं. आरे लांबीत बदलत नाहीत, कारण त्यांच्या रेषा लांबीच्या दिशेने आहेत. पण बाहेरचे तुकडे जाडीत आटतात, तुंबा आटतो, आणि धाव सैल होते. चाक खडखडायला लागतं. गाडीवान काय करायचे? चाकं पाण्यात भिजत ठेवायचे, ओढ्यात, डबक्यात, जिथे मिळेल तिथे. लाकूड फुगून पुन्हा धाव पकडायचं. आणि तेवढ्याने भागेना, तर गावच्या लोहाराकडे जायचं. तो धाव काढायचा, तिचा छोटा तुकडा कापून पुन्हा जोडायचा, तापवून परत चढवायचा.

आमच्या किचनची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. कोरड्या महिन्यात बनलेली दारं दमट खाडीकाठी आली. म्हणजे प्रश्न अजिबात नवा नव्हता. पनवेलपासून कळंबोली किती लांब? रिक्षाने जाता येतं.

मग तेव्हा वॉरंटी काय होती? चाक सैल झालं म्हणून नगरचा शेतकरी पनवेलला परत येत असेल का? एवढा घाट उतरून कुणी येणार नाही, हा माझा अंदाज. त्याची गरजही नव्हती, कारण दुरुस्ती त्याच्या गावातच होती. गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात ही सगळी व्यवस्था नोंदवलेली आहे. साधारण रीत अशी की शेतकऱ्याच्या औतांची, गाडीची किरकोळ डागडुजी सुताराने वर्षभर करायची आणि सुगीच्या वेळी त्याला धान्याचा ठरलेला वाटा मिळायचा. नवी गाडी बांधायची तर तिचा मोबदला वेगळा. डागडुजी मात्र बलुत्यात आली.

थोडं थांबून विचार करा. वस्तू बाजारातून, सर्व्हिस गावातून. आणि सर्व्हिसमन तुमच्या वेशीच्या आतच राहतो, त्याला ईमेल टाकावा लागत नाही.

मी इथे 'जुनं ते सोनं' म्हणणार नाही. बलुतं म्हणजे जातीने बांधलेलं काम. सुताराच्या पोटी जन्मलं तर रंधा हातात, आवडो न आवडो. धान्य कमी मिळालं तर भांडायचं कुणाशी, ज्याच्या शेतावर अवलंबून त्याच्याशीच? शेतकऱ्याला जी आयुष्यभराची वॉरंटी वाटत होती, ती सुताराच्या बाजूने पाहिली तर आयुष्यभराची बांधिलकी होती, सोडून जाण्याची सोय नसलेली. शहरं वाढली आणि सुतार रोख पैशाच्या कामाकडे गेले, ते बरंच झालं म्हणायचं.

पण त्यासोबत एक गोष्ट गेली. ज्याने वस्तू बनवली किंवा जो ती सांभाळतो, तो आणि वापरणारा, दोघांनाही लाकूड कसं वागतं हे माहीत असायचं. दार फुगलं तर तो दोष नाही आणि चाकाचा आरा निघाला तर तो दोष आहे, हे कुणी कागदावर लिहून द्यावं लागत नव्हतं. आता मला ते माहीत नाही, आणि कंपनीला माहीत असलं तरी ती एकाच वाक्यात सगळं गुंडाळते.

तर मी माहीत असलेला माणूस शोधला. आमच्या नाक्यावर एक वयस्कर मेस्त्री बसतात, मूळचे माणगावकडचे. त्यांना घरी आणलं. ते आईला "वहिनी, आधी पाणी द्या" म्हणाले, मग चष्मा लावून दहा मिनिटं नुसतं बघत बसले. चिरलेलं दार उतरवलं, उलटं केलं आणि पॅनेलच्या कडेवरून नख फिरवलं.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "चौकटीच्या खोबणीत पॅनेल मोकळा ठेवायचा असतो. मधे एक चूक मारायची, वर एक, खाली एक, बास. दोन्ही बाजूंना त्याला पळायला जागा पाहिजे. यांनी चारी बाजूंनी गोंद भरलाय आणि कडेला पिना मारल्यात."

मला एकदम कळलं. चौकट आणि पॅनेलचं दार ही काही नक्षीची फॅशन नाही. ते लाकडाच्या हालचालीवर काढलेलं उत्तर आहे, आणि शेकडो वर्षं जुनं. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, त्यामुळे त्या रुंदीत फारशा बदलत नाहीत. रुंद पॅनेल खोबणीत तरंगत राहतो. पावसाळ्यात आत सरकतो, उन्हाळ्यात बाहेर येतो, आणि बाहेरून दाराचं माप जवळपास तेच दिसतं. आमच्या दारात तो पॅनेल जखडून टाकला होता. पावसाळ्यात फुगला, जागा नाही, म्हणून त्याने चौकट ढकलली. त्यामुळे दारं जरा जास्तच अडकली होती. आणि हिवाळ्यात आटायला गेला, तर गोंदाने दोन्ही कडा धरून ठेवलेल्या. मग तो मधोमध फाटला.

लाकूड हललं, हे नैसर्गिक. ते हलणार हे ठाऊक असून त्याला जागा न ठेवणं, हे नैसर्गिक नाही. हे कुणीतरी केलं, कारखान्यात, गोंदाची बाटली हातात घेऊन.

सिंकखालच्या खोक्याचं तर मेस्त्रींनी पाच सेकंदांत केलं. पटाशीने कोपरा उचकटला. आतून भुसा पडला. "हे प्लायवूड नाही वहिनी. भुशाचा बोर्ड आहे."

इथे प्लायवूडचं थोडं सांगायला हवं. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, प्रत्येक थराच्या रेषा खालच्या थराला आडव्या. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेने शेजारचा थर फुगत नाही, तो त्याला आवरून धरतो. म्हणून प्लायवूड रुंदीत फार कमी हलतं. टिकणं सगळं गोंदावर. भारतीय मानकांत सर्वसाधारण प्लायवूडला आयएस ३०३ आणि मरीन प्लायवूडला आयएस ७१० असे क्रमांक आहेत. ३०३ मध्येसुद्धा दोन प्रती असतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारं आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सोसणारं. दुकानात 'वॉटरप्रूफ आहे हो' म्हणतात तेव्हा शीटवरचा शिक्का बघा. भुशाच्या बोर्डाचं सगळंच वेगळं. त्याचे दाबलेले कण पाणी लागलं की जाडीत फुगतात आणि वाळल्यावर परत पहिल्यासारखे बसत नाहीत. सागाचं दार दसऱ्यानंतर बसतं, हे बसत नाही. त्यामुळे 'नैसर्गिक हालचाल' हा शब्द त्याला लागूच होत नाही. २००५ला आमच्या प्लायवूडचे थर सुटले होते, तेही पुरात. इथे तर नुसता सिंकचा पाइप झिरपत होता. पाइपची चूक आमची, ते मी मानते. पण जे सांगितलं ते लावलंच नव्हतं.

तीन तक्रारी. एक हवेची, एक कामाची, एक सरळसरळ फसवणुकीची.

आता वॉरंटी या शब्दाकडे, कारण पैसे शेवटी तिथे अडकलेत. वॉरंटी आणि गॅरंटी हे एकाच शब्दाचे दोन जुळे आहेत. जुन्या फ्रेंचच्या दोन बोलींतून इंग्रजीत आले, एका बोलीत 'व' आणि दुसरीत 'ग'. आपल्याकडे लोक समजतात की गॅरंटी म्हणजे बदलून आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून. हा दुकानदारी संकेत आहे. आपला मालविक्रीचा कायदा १९३० सालचा, १ जुलैपासून लागू झालेला. त्यात वॉरंटीचा अर्थ वेगळाच आहे. कायदा दोन प्रकारची वचनं मानतो. एक 'कंडिशन', म्हणजे व्यवहाराचा गाभा. ती मोडली तर तुम्ही माल नाकारू शकता. दुसरी 'वॉरंटी', दुय्यम वचन. ती मोडली तर नुकसानभरपाई मागायची, पण माल परत करता येत नाही. म्हणजे कार्डावर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलेला शब्द कायद्यात मुळात धाकटा भाऊ आहे. मला हे कळलं तेव्हा हसूच आलं.

त्या कायद्यामागचा जुना विचार म्हणजे खरेदीदाराने स्वतः बघून घ्यावं. पण त्याच्याच कलम १६मध्ये अपवाद आहे. वस्तू कशासाठी हवी हे तुम्ही विक्रेत्याला सांगितलं, त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो तसा माल विकण्याचाच धंदा करतो, तर तो माल त्या कामाला बऱ्यापैकी योग्य असला पाहिजे, ही अट न बोलता धरली जाते. 'स्वयंपाकघर, कळंबोली, तळमजला', हे सगळं आमच्या ऑर्डरवर लिहिलेलं होतं. मात्र कलम ६२ सांगतं की अशा न बोललेल्या अटी दोघांच्या करारानेच बाजूला ठेवता येतात. आणि कंपन्यांचे छापील फॉर्म नेमके तेच करतात. बारीक टाइपात. तुमची सही खाली.

इथे महाराष्ट्राचा एक धागा आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकट्या माणसाने दुकानदाराशी भांडायचं नाही, संघाने खरेदी करायची, संघाने प्रश्न विचारायचे. आजच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकत्र तांदूळ मागवतात ना, ते या लोकांनी फोनशिवाय केलं. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर आला, १९८६मध्ये, २४ डिसेंबरला. म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या कायद्याची जागा घेणारा २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. वस्तू किती वर्षं टिकेल याची हमी जाहीरपणे द्यायची, तर ती योग्य चाचणीवर आधारलेली हवी. नसेल तर ती अनुचित व्यापारी प्रथा. आणि 'आम्ही चाचणी केली होती' हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्याची, ग्राहकाची नाही. दहा वर्षांचा आकडा कार्डावर छापताना कुणी खाडीकाठच्या हवेत एक तरी दार लटकवून पाहिलं होतं का? हे विचारायचा अधिकार मला आहे. एकतर्फी अटींच्या कराराविरुद्धही आता दाद मागता येते, पण त्यासाठी जिल्हा नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं.

बाकी कामाच्या गोष्टी भराभर सांगते, कारण त्या तुम्हाला शोधून सापडतील. तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, कंपनी कुठलीही असो. आमच्यासाठी तो अलिबागला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आयोग माल तपासायला प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. आणि तुमचं किचन बिल्डरने फ्लॅटसोबत दिलेलं असेल, तर रेराच्या कायद्याने कामाच्या दोषाची जबाबदारी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं त्याची. कामोठे, खारघर, तळोज्याकडे नवीन घरं घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवा. फोटो तारखेसकट काढा. आणि फोटोत स्टीलची पट्टी ठेवून मोजमाप दिसू द्या. मी पहिल्या ईमेलमध्ये नुसता रडणारा इमोजी टाकला होता.

मी तिसरं पत्र लिहिलं. या वेळी एका ओळीतच पहिली तक्रार मागे घेतली. दारं पावसाळ्यात अडकली, ते मान्य, तुमचं म्हणणं बरोबर. बाबांना हे पटेना. "आपणच कशाला माघार घ्यायची?" पण मला वाटलं, मी हे सोडलं तरच उरलेल्या दोन गोष्टींना त्यांना ते वाक्य चिकटवता येणार नाही. मग गोंदाचे आणि पिनांचे फोटो, भुशाचा फोटो, त्यांच्याच माहितीपत्रकातलं प्लायवूडचं पान, आणि १० वर्षांचा आकडा कुठल्या चाचणीवरून आला, हा एक प्रश्न.

अकरा दिवसांनी फोन आला. सिंकखालचं खोकं बदलून दिलं, या वेळी शिक्का असलेल्या प्लायवूडचं. मी माणूस जायच्या आधी कोपऱ्यात वाकून शिक्का वाचला. पॅनेलच्या दाराला मात्र त्यांनी नाहीच म्हटलं, 'सद्भावना म्हणून' पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मी अलिबागला जायला तयार होते, अजूनही आहे, दोन वर्षं संपायला वेळ आहे. कागद फाइलमध्ये लावून ठेवलेत. आईला मात्र दार हवं होतं, निकाल नाही.

तेव्हा मेस्त्रींना पुन्हा बोलावलं. त्यांनी चौकट खोलली, गोंद खरवडला, फाटलेला पॅनेल चिरेवर जोडला आणि खोबणीत मोकळा सोडला. मधे, वर एक चूक, खाली एक. बाकीच्या दारांचंही तेच करायला सांगितलं. दोन दिवसांची मजुरी घेतली. जाताना त्यांनी आईच्या हातात पेन्सिल दिली आणि पॅनेलवर चौकटीच्या अगदी कडेला लागून एक रेघ मारायला लावली. आईने मारली. फेब्रुवारीचा शेवट होता.

परवा जुलैच्या मध्यावर आईने मला ऑफिसात फोन केला. मला वाटलं काही झालं. म्हणाली, "अगं, रेघ दिसत नाहीये." मी संध्याकाळी घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. रेघ दोन्ही बाजूंनी चौकटीच्या आत गेली होती. दार मात्र एका बोटाने उघडत होतं.